वीस जिवंत बोई

पहिला दिवस

खाडीच्या मुखाशी होडी लागली तेव्हा ओहोटी संपत आली होती. आदल्या रात्री अमावास्या झालेली, त्यामुळे उधाणाचं पाणी चांगलंच मागे हटलं होतं. एरवी बुडालेल्या वाळूच्या पट्ट्या, चिखलातले चर, कालवं चिकटलेले खडक, सगळं उघडं पडलं होतं. मला घाई झाली होती. नवंकोरं जाळं पिशवीत होतं आणि समोर एका चराच्या तोंडाशी पाणी सारखं थरथरत होतं. काकांनी पिशवीवर हात ठेवला.

"आज जाळं ओलं करायचं नाही," ते म्हणाले. "आज फक्त बघून घे. दुपारी इथे छातीभर पाणी असेल. मग खडक कुठे होता ते जाळं फाटल्यावरच कळेल."

काका म्हणजे माझ्या मावसभावाचे सख्खे काका. चाळीसेक वर्षं ते फेकजाळं टाकतायत. आम्ही तिघं पाच दिवसांसाठी आलो होतो आणि बेत एकच होता: खाडीतली छोटी चंदेरी बोई जिवंत आमिष म्हणून लावायची आणि तिच्यावर जिताडा, म्हणजे तिला खाणारा मोठा मासा, गरवायचा. मी नऊ वर्षं गळ टाकतोय, पण तो कायम खोट्या आमिषाचा नाहीतर मेलेल्या माशाचा. मेलेलं आमिष जिताड्यासमोरून गेलं आणि त्याने तोंडही वळवलं नाही, असं इतक्या वेळा झालंय की या खेपेला मी ठरवूनच आलो होतो. आधी पागायला, म्हणजे फेकजाळं टाकायला, शिकायचं, गळाला हात नंतर लावायचा.

तासभर आम्ही उघड्या खाडीतून चाललो. काका काठीने चिखल टोचत पुढे आणि मी वहीत नकाशा काढत मागे. सात चर मोजले. त्यातल्या दोघांच्या तोंडाशी कालवांचे खडक होते, तिथे मी फुल्या मारल्या. कालवाची कड पात्यासारखी असते. त्यावर जाळं घासलं तर एका ओढीत हातभर भोक पडतं. एका चरात जुनं झाड आडवं पडलेलं होतं, तिथे तिसरी फुली. उरलेले चार चर स्वच्छ होते, तळ वाळूचा.

चराचं एवढं महत्त्व का, ते काकांनी तिथेच उभ्या उभ्या सांगितलं. भरती चढते तसे छोटे मासे पाण्याबरोबर गवतात आणि झाडांच्या मुळांत शिरतात. तिथे खायला मिळतं आणि मोठा मासा आत येऊ शकत नाही. पाणी उतरू लागलं की त्यांना बाहेर पडावंच लागतं आणि बाहेर पडायला वाट एकच, हे चर. सबंध दलदलीत विखुरलेले मासे तासा-दोन तासांत एका अरुंद तोंडातून निघतात. "मोठ्या माशालाही हे ठाऊक असतं," काका म्हणाले. "तो बाहेर उभाच असतो."

भरती-ओहोटीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. आज सकाळी साडेसहाला पाणी तळाला होतं, म्हणजे पाचव्या दिवशी ते पावणेदहाच्या सुमारास तळाला जाणार. पहाटेपासून पावणेदहापर्यंत उतरतं पाणी! तो दिवस आपला, हे मी पहिल्याच दिवशी वहीत लिहून ठेवलं.

संध्याकाळी जाळी उलगडली. तीन होती: चार फुटी, सहा फुटी आणि आठ फुटी. हे माप त्रिज्येचं, म्हणजे मधल्या शेंड्यापासून शिशाच्या कडेपर्यंतचं. फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण वर्तुळाचा हिशेब केला तर चार फुटी जाळं पूर्ण उघडून ५० चौरस फूट झाकतं, सहा फुटी ११३ आणि आठ फुटी २०१. अर्थात पूर्ण उघडलं तर. काका म्हणाले की नवशिक्याच्या हातून आठ फुटी जाळं निम्मंही उघडत नाही. त्यापेक्षा सहा फुटी नीट उघडलं तर मासे जास्त मिळतात. मी सहा फुटी घेतलं.

डोळ्यांचा, म्हणजे जाळ्याच्या भोकांचा, प्रश्न जास्त नाजूक. आम्हाला बोई हव्या होत्या चार ते पाच इंची. भोक मोठं असेल तर मासा डोकं घालतो, कल्ल्यांपाशी अडकतो आणि सुटायला धडपडताना कल्लेच फाटून घेतो. असा मासा आमिष म्हणून बाद. भोक फार बारीक असेल तर मासा अडकत नाही, पण पाणी जाळ्यातून लवकर निसटत नाही, जाळं सावकाश बुडतं आणि तोवर थवा पसार होतो. आमच्या जाळ्याची भोकं पाऊण बोटाच्या आतली होती आणि शिसं त्रिज्येच्या दर फुटाला अर्ध्या किलोच्या आसपास, एकूण तीनेक किलो. काठापासून शेंड्याच्या कडीपर्यंत आतून दोऱ्या. दोरखंड ओढला की याच दोऱ्या शिशाची कड आत खेचतात आणि जाळ्याची थैली होते.

नवं नायलॉन ताठ असतं, गुंडाळीच्या घड्या सोडत नाही. रात्री कोमट पाण्यात कपडे मऊ करायचं द्रावण थोडं घालून जाळं भिजत ठेवलं.

दुसरा दिवस

सकाळचे तीन तास कोरड्या वाळूवर गेले. हाताच्या सवयीची गोष्ट वाचून येत नाही हे खरं, पण कुणी ती नीट उलगडून सांगितली असती तर माझा निम्मा वेळ वाचला असता. म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

दोरीचा फास डाव्या मनगटात. हाताने जाळं सोडलं तरी ते पाण्यात वाहून जाऊ नये, एवढ्यासाठी. मग दोरीची वेटोळी डाव्या हातात, वेटोळी मोठी आणि सैल. त्याच हातात शेंडा आणि जाळ्याचा वरचा निम्मा भाग दुमडून घ्यायचा. आता खाली लोंबणारा घेर साधारण गुडघ्यापर्यंत येतो. त्या घेरातली शिशाची कड एका जागी उचलून डाव्या कोपरावर टाकायची. मग उरलेल्या घेराचे दोन सारखे भाग करायचे आणि उजवा भाग उजव्या हातात घ्यायचा. गुंता आहे का, शिशाची कड कुठे दोरीत अडकली आहे का, हे दरवेळी खालपर्यंत बघायचं.

कड कोपरावर न टाकता दातात धरायची पद्धत जगभर चालते. काकाही पूर्वी तेच करत. आता करत नाहीत आणि आम्हालाही करू देत नाहीत. शिसं अंगात भिनतं आणि ते सहजी बाहेर जात नाही. शिवाय ती कड त्याच चिखलातून ओढून आणलेली असते. हात धुतल्याशिवाय तोंडाला लावायचे नाहीत हा त्यांचा नियम मला फार पटला.

आता फेक. मला वाटत होतं जोर हातात हवा. तो कमरेत हवा. डावा खांदा पाण्याकडे, अंग मागे वळवायचं आणि कमरेपासून उलगडत पुढे यायचं, जड दार लोटावं तसं. उजवा हात घेर सोडताना आडवा, जमिनीला समांतर फिरतो. तो वर उचलला गेला की जाळं उंच जातं आणि गोळा होऊन पडतं. सगळ्यात शेवटी कोपरावरची कड सुटते आणि तीच जाळ्याला गोल करते. ती लवकर सुटली तर जाळं लांबट वाकडं पडतं, केळ्यासारखं. उशिरा सुटली तर कोपराला हिसका बसतो.

माझी पहिली वीसेक जाळी केळीच होती. वाळूवर एक फायदा असा की जाळं जसं पडतं तसंच पडून राहतं, त्याचा आकार काठीने आखून ठेवता येतो. मावसभाऊ माझी प्रत्येक फेक आखत होता. दहाच्या सुमारास एक रेघ जवळजवळ गोल आली. आम्ही पावलांनी मोजली: एकीकडून दहा फूट, दुसरीकडून नऊ. बारा फुटांच्या जाळ्याला हे बरंच म्हणायचं. व्यासाच्या ऐंशी टक्के उघडलं तरी क्षेत्र चौसष्ट टक्केच मिळतं, म्हणजे ११३ मधले ७२ चौरस फूट. तरी मला त्या वाळूवरच्या रेघेपासून उठवेना.

"आता पाण्यात," काका म्हणाले. "आणि पाय उचलायचे नाहीत, सरकवायचे."

सरकवायचे, कारण वाळूत पाकट हा चपटा मासा पुरून बसलेला असतो. पाऊल वरून पडलं तर तो शेपटीचा काटा मारतो. सरकणारा पाय लागला तर तो आपण होऊन निघून जातो. मी गुडघाभर पाण्यात खरोखरच एकाला निघून जाताना पाहिलं. आधी चिखलाचा ढग, मग त्यातून निसटलेली काळपट चकती.

पाण्यात पहिली अडचण फेकण्याची नव्हती, दिसण्याची होती. पाण्यावरची चकाकी घालवणारा चष्मा लावल्यावर पृष्ठभाग विरघळला आणि तळ दिसायला लागला. सूर्य समोर ठेवायचा, म्हणजे आपली सावली मागे पडते. थव्यावर सावली पडली की थवा गेलाच. बोई दिसण्याआधी त्यांचं पाणी दिसतं: आजूबाजूला वाऱ्याच्या लाटा एका दिशेने चाललेल्या असतात आणि मध्ये एक तुकडा वेगळ्याच लयीत थरथरत असतो. शेजारी बगळा मान आखडून उभा असेल, किंवा खंड्या त्याच त्या फांदीवर परत परत येत असेल, तर शंकाच नको.

बोई उड्याही मारतात. पाठलागावर मोठा मासा असला तर मारतातच, पण कुणी मागे नसतानाही मारतात. त्याचं एक कारण असं मांडलं गेलंय की तळाच्या पाण्यात प्राणवायू कमी असला की बोई उडी घेऊन घशाच्या वरच्या पोकळीत हवेचा बुडबुडा धरते आणि तो पुरवून वापरते. मला ही गोष्ट तेव्हा फक्त मजेची वाटली. पुढच्याच दिवशी ती फार वेगळ्या अर्थाने आठवली.

मासा जिथे आहे तिथे टाकायचं नाही, जिथे जाणार आहे तिथे टाकायचं. पाणी वाहतं असेल तर जरा वरच्या अंगाला, कारण बुडता बुडता जाळंही वाहतं. कड तळाला लागेपर्यंत दोरी सैल. कंबरभर पाण्यात मी तीन अंक मोजत होतो. मग एक झटका, घेर मिटतो, आणि पुढे न थांबता एकसारखं ओढायचं.

दिवसभरात तीन बोई मिळाल्या आणि एक शिंगाळा. त्या शिंगाळ्याने वीस मिनिटं खाल्ली. त्याच्या पाठीवरचा आणि दोन्ही बाजूंचे काटे करवतीसारखे दातेरी असतात, ते जाळ्यात रुततात आणि हातात रुतले तर ठणका दिवसभर जात नाही. शेवटी काकांनी जाळ्याच्या दोन गाठी कापल्या आणि त्याला सोडलं. "गाठ मला बांधता येते," एवढंच ते म्हणाले.

तिसरा दिवस

या दिवसाबद्दल लिहायला मला जड जातंय.

सकाळी साडेसहाला आम्ही दुसऱ्या स्वच्छ चराच्या तोंडाशी उभे होतो. आठनंतर पाणी तळाला जाणार होतं. काका होडी घेऊन पलीकडच्या काठाला गेले होते. पाणी चरातून खळखळत बाहेर येत होतं आणि त्यात बोईंचा थवा इतका दाट होता की तळ काळा दिसत होता. मी टाकलं. जाळं गोल उघडलं, ताटासारखं. दोरी हाताला लागली तीच थरथरत. ओढून वर काढलं तर जाळं चांदीचं झालेलं!

मोजल्या तेव्हा सत्तर भरल्या. मावसभाऊ म्हणाला, "निम्म्या सोडून देऊया का?" मी नाही म्हटलं. उद्या मिळतील न मिळतील, टाकीत राहतील, हवेचा पंप आहेच. आमची टाकी शंभर लिटरची. सत्तर मासे म्हणजे प्रत्येकाला दीड लिटरही पाणी नाही, हा साधा भागाकार मी केला नाही. वर जाळं रिकामं करताना मासे कोरड्या फळीवर ओतले आणि हातांनी वेचून टाकीत टाकले. कोरड्या हातांनी.

अकराच्या सुमारास पाण्यावर फेस धरला. बोई पृष्ठभागाशी तोंडं काढून गटागट हवा घेत होत्या. साडेअकराला पहिली बोई पोट वर करून तरंगली. मी पाणी बदलत होतो, मावसभाऊ बादल्या भरत होता, पंप चालू होता. एकपर्यंत अठ्ठावन्न मेल्या. उरलेल्या बारा मी आपण होऊन खाडीत सोडल्या, पण त्यांतल्याही काही तिरप्याच पोहत गेल्या.

काका आले, त्यांनी टाकीत हात घातला. रागावले नाहीत. "पाणी बघ किती तापलंय," म्हणाले. "आणि झाकण कुठाय?" झाकण होडीतच पडलेलं होतं. टाकी चार तास उन्हात होती.

दुपारभर सावलीत बसून त्यांनी जे सांगितलं ते मी शब्दन् शब्द लिहून घेतलं. पाणी जेवढं गरम तेवढा त्यात प्राणवायू कमी विरघळतो. गोड्या पाण्यात २० अंश सेल्सिअसला लिटरमागे ९ मिलिग्रॅमच्या आसपास मावतो, ३० अंशाला साडेसात. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात ३० अंशाला तर ६ च्या थोडासाच वर. आणि गरम पाण्यात माशाची भूक मात्र उलटी वाढते, त्याला प्राणवायू जास्त लागतो. एकीकडून पुरवठा घटतो, दुसरीकडून मागणी वाढते. पंप फक्त हवा देतो. मासे कल्ल्यांतून जो अमोनिया सोडतात तो पंपाने जात नाही, त्याला पाणीच बदलावं लागतं. त्यातही पकडल्यानंतरचा पहिला तास सगळ्यात वाईट. घाबरलेला मासा पोट रिकामं करतो, खवले आणि बुळबुळीत थर सोडतो. म्हणून पहिलं पाणी तासाभरात बदलायचं, पण एकदम नाही, थोडं थोडं, तापमान जुळवत. नळाचं पाणी कधीच नाही, त्यातल्या क्लोरीनने कल्ले जळतात.

आणि तो बुळबुळीत थर. मला तो कायम नकोसा वाटत आला होता. तो माशाचं कवच आहे, रोगजंतू बाहेर ठेवणारं आणि अंगातल्या मिठाचा तोल राखायला मदत करणारं. कोरडा हात लागला, कोरडी फळी लागली की तो निघून येतो. मासा लगेच मरत नाही, दोन तासांनी मरतो, आणि आपल्याला कारण कळत नाही.

"जाळं टाकणं महिन्याभरात कुणालाही येतं," काका म्हणाले. "जाळ्यातून टाकीत नेणं, तिथे लोक चुकतात."

अठ्ठावन्न मासे. त्या रात्री मला डोळ्यांसमोरून ती टाकी जाईना.

चौथा दिवस

वारा सुटला. खाडी पांढरी झाली, पाणी गढूळ, काहीच दिसेना. दिवसभर दुरुस्ती.

काकांनी मला गाठ शिकवली. सुईवर दोरा भरायचा, भोकाच्या मापाच्या पट्टीवरून घ्यायचा, आणि फाटलेल्या जागेच्या कडेच्या शाबूत गाठीपासून सुरुवात करायची. शिंगाळ्याची भोकं मी भरली. बोलता बोलता सुती जाळ्यांचा विषय निघाला. नायलॉन जगासमोर आलं ते १९३८ साली. त्याआधीची सुती जाळी कुजायची, म्हणून ती सालींच्या काढ्यात उकळून काढावी लागायची आणि दरवेळी खडखडीत वाळवावी लागायची. नायलॉन कुजत नाही, पण उन्हाने ठिसूळ होतं. त्यामुळे वापरून झालं की गोड्या पाण्यात धुवायचं आणि सावलीत टांगायचं. उन्हात नाही.

मावसभावाने ब्राझीलच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या लगुना शहराची गोष्ट सांगितली. तिथे मच्छीमार फेकजाळी घेऊन कंबरभर पाण्यात ओळीने उभे राहतात आणि डॉल्फिन बोईंचे थवे त्यांच्याकडे हाकत आणतात. डॉल्फिनने ठरावीक तऱ्हेने डोकं आपटलं किंवा बुडी मारली की माणसं जाळी टाकतात. विस्कटलेल्या थव्यातले मासे डॉल्फिन टिपतात. शंभरावर वर्षं, पिढ्यान् पिढ्या, माणसांत आणि डॉल्फिनांतही हे शिकवत आणलेलं. काका हातातली सुई थांबवून ऐकत होते. "म्हणजे कधी टाकायचं ते मासाच सांगतो," ते म्हणाले आणि बराच वेळ गप्प बसले.

नियमांचंही बोलणं झालं. फ्लोरिडात फेकजाळं शेंड्यापासून कडेपर्यंत १४ फुटांपर्यंत चालतं. टेक्सासात मर्यादा तीच १४ फूट, पण व्यासाची. म्हणजे एकाच आकड्याची दोन जाळी, एक दुसऱ्याच्या चौपट क्षेत्राचं. कुठेही जाळं टाकण्याआधी तिथला नियम नीट वाचायचा तो यासाठी. आणि जिवंत आमिष एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात न्यायचं नाही, उरलेलं परक्या पाण्यात सोडायचं तर मुळीच नाही. अमेरिकेत जिथे आशियाई कार्प पसरलाय, तिथे त्याची पिल्लं स्थानिक चंदेरी आमिष-माशांसारखीच दिसतात आणि आमिषाच्या बादलीतून नव्या तळ्यात पोचू शकतात. रोगही तसेच पोचतात, पाण्यातून.

रात्री वारा पडला. भरती लागल्यावर धक्क्यावरून पाण्यावर दिवा सोडून पाहिला. अर्ध्या तासाने उजेडात सूक्ष्म जीवांचा भुरा जमला, मग त्यामागे बोटभर तारल्या गोल फिरायला लागल्या. जाळं टाकलं नाही. तारलीचे खवले नुसत्या स्पर्शाने गळतात, ती बोईएवढी चिवट नसते आणि आमच्या टाकीत ती टिकली नसती. आम्ही पोटावर पालथे पडून नुसतं बघत राहिलो. उजेडाच्या कडेला, अंधार सुरू होतो तिथे, एक लांब सावली दोनदा येऊन गेली.

पाचवा दिवस

पहाटे साडेपाचला टाकी आधी तयार केली, जाळं नंतर. टाकी होडीच्या सावलीच्या बाजूला, वर ओलं गोणपाट, झाकण. पाणी त्याच चराच्या तोंडाशी भरलेलं, पंप दहा मिनिटं आधीच चालू. टाकी गोल आहे हे आमचं नशीब. चौकोनी टाकीत मासे कोपऱ्यात गर्दी करतात आणि नाकं आपटून घेतात. शेजारी रुंद घमेलं, अर्धं पाण्याने भरलेलं. आकडा ठरवून टाकला: वीस. प्रत्येकाला पाच लिटर.

उधाण ओसरत आलेलं, त्यामुळे पाण्याला पहिल्या दिवसासारखी ओढ नव्हती आणि गढूळपणाही खाली बसला होता. सव्वासातला चर क्रमांक चारच्या तोंडाशी पाणी थरथरलं. काका मागे उभे राहिले, काही बोलले नाहीत. थवा माझ्याकडे येत होता. मी तो पुढून जाईपर्यंत थांबलो नाही, त्याच्या वाटेवर टाकलं. एक, दोन. इथे पाणी मांडीभरच होतं. झटका. दोरीत ती थरथर.

या वेळी मी जाळं पाण्याबाहेर पूर्ण काढलंच नाही. थैली पाण्यातच ठेवून होडीपाशी आणली, मग एका उचलीत घमेल्यावर. शेंड्याची कडी धरून वर घेतली की आतल्या दोऱ्या सैल होतात, घेर घंटेसारखा उघडतो आणि मासे आपोआप खाली पाण्यात पडतात. एकालाही हात लागला नाही. तीसेक होत्या. कल्ल्यांपाशी अडकलेली एकही नव्हती. मावसभावाने मऊ जाळीच्या पळीने वीस मोजून टाकीत घेतल्या आणि घमेलं खाडीत हलकेच आडवं केलं. उरलेल्या दहा पळाल्या.

मग मी टाकीपाशी बसलो. तासाने तिसरा भाग पाणी बदललं, अर्ध्या तासाने पुन्हा. फेस आला नाही. वीसच्या वीस एकाच दिशेने गोल पोहत होत्या, सगळ्या एका थव्याने, तोंड पंपाच्या प्रवाहाकडे. निरोगी मासा असाच प्रवाहाकडे तोंड करून राहतो. झाकण उचलून मी कितीदा पाहिलं ते मोजलं नाही.

दहा वाजता पाणी पलटलं. पहिली बोई ओल्या हाताने उचलली, पाठीच्या पराच्या जरा पुढे, वरच्यावर गळ घातला. खोल गेला तर कण्याला लागतो आणि मासा निकामी होतो. पाण्याच्या ओढीत आमिष ओढत न्यायचं असेल तर ओठातून घालायचा, म्हणजे ते नाकासमोर पोहतं. गळ गोलाकार होता, टोक आत वळलेलं. मासा लागल्यावर झटका द्यायचा नाही, नुसती दोरी भरत जायची, मग तो जबड्याच्या कोपऱ्यात बसतो, घशात उतरत नाही.

बोई पोहू लागली आणि दोरीतून मला तिची प्रत्येक हालचाल कळत होती. नऊ वर्षांत गळाच्या दोरीतून मला इतकं काही कधी ऐकू आलं नव्हतं. खडकाजवळ गेली की ती बावरायची, सैरभैर व्हायची, मग पुन्हा स्थिर. आठवी बोई तशीच बावरली आणि या वेळी स्थिर झालीच नाही. पाणी फुटलं. दोरी सरसरत निघाली. माझे हात झटका द्यायला निघाले होते, काकांचा आवाज आला, "नुसती भर!"

एकाहत्तर सेंटिमीटर. सोनेरी झाक असलेले खवले, उतरत्या कपाळाचं ते डोकं, आणि गळ बरोबर जबड्याच्या कोपऱ्यात. जिताडा आधी नर म्हणून वयात येतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. हा बहुतेक अजून नर असावा. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये ५८ सेंटिमीटरच्या खालचा जिताडा ठेवता येत नाही आणि १२० च्या वरचाही सहसा नाही, कारण त्या मोठ्या माद्या अंड्यांसाठी हव्यात. हा दोन्हींच्या मध्ये होता. तरी मी काकांकडे पाहिलं, त्यांनी मान हलवली, आणि आम्ही त्याला पाण्यातच धरून ठेवलं. त्याचे कल्ले एकसारखे चालू लागले आणि त्याने माझा हात ढकलून दिला.

नवव्या बोईला काही लागलं नाही, ती गळावरच थकली. त्यानंतर मी गळ आवरला.

टाकीत अकरा होत्या. अकराही सरळ पोहत होत्या. होडी चर क्रमांक चारच्या तोंडाशी नेली. पाणी तेच होतं, जिथून त्यांना उचललं होतं. भरती आता चरात शिरत होती. मावसभावाने टाकी तिरपी केली आणि मी हाताने तिचा काठ पाण्याखाली दाबून धरला. पहिल्या दोघी बाहेर आल्या, थबकल्या, मग बाकीच्या एकदम. गवताच्या मुळांपाशी पाणी पुन्हा थरथरलं.

काका जाळं धुवायला घेऊन बसले होते. "दोन गाठी सुटल्यात," ते म्हणाले आणि सुई माझ्याकडे दिली.